अठ्ठेचाळीस महापौर आणि गुरुवारचं पाणी

१९७० च्या दशकात जर्मनीतल्या एका गावाला तब्बल ४८ महापौर लाभले. गाव खोटं होतं, कॉम्प्युटरमधलं. नाव लोहाउझेन, वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, गावाच्याच मालकीचा घड्याळांचा कारखाना, शिवाय शाळा, दुकानं, घरांची टंचाई, सगळं यथासांग. डीट्रिख ड्यॉर्नर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर ते रचलं होतं आणि त्यात दोन हजारांहून जास्त घटक एकमेकांत अडकवून ठेवले होते. एकेका माणसाला बसवून त्याला दहा वर्षांसाठी महापौर करायचं. ही दहा वर्षं प्रत्यक्षात दोन-दोन तासांच्या आठ बैठकांत संपायची. अधिकार असे, की आपल्या महापालिका आयुक्तांना स्वप्नातसुद्धा मिळायचे नाहीत. कर ठरवा, माणसं घ्या, काढा, घरं बांधा. कोर्टाचा स्टे नाही, स्थायी समिती नाही, पुढच्या निवडणुकीत पडायची भीती नाही. गावाचं भलं करा, एवढंच काम.

काहींनी गाव वर काढलं, काहींनी पार बुडवलं. ड्यॉर्नर यांना चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की कोण बुडवणार हे बुद्ध्यांकाच्या चाचणीवरून सांगता येईना. चाचणीत हुशार ठरलेले काही जण गाव गाळात घालत होते आणि चाचणीत बेताचेच ठरलेले काही जण ते नीट चालवत होते. (दहावीला पंचावन्न टक्के मिळवलेल्यांनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. या निष्कर्षावर पुढे बरंच पाणी पडलं, ते सांगतोच.)

मग फरक कशात होता? १९८३ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तिथून मानसशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली: गुंतागुंतीचे प्रश्न माणूस कसे सोडवतो, आणि बहुतेक वेळा कसे सोडवत नाही, याचा अभ्यास.

आधी गुंतागुंत म्हणजे नेमकं काय ते बघू. भूमितीचं रायडर अवघड असतं, घाम फोडतं. पण तुम्ही विचार करत बसलात म्हणून त्यातला त्रिकोण हलत नाही. जे लागतं ते सगळं कागदावर दिलेलं असतं आणि काय सिद्ध करायचं तेही ठरलेलं असतं. आता याच्या शेजारी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा पाण्याचा प्रश्न ठेवा.

बाणेर, वाघोली, उंड्री, कुठलीही सोसायटी घ्या. तीन विंगा, खाली सम्प, वर टाक्या, मार्चनंतर नुसती हवा ओढणारी एक बोअर, महापालिकेचं पाणी अपुरं आणि बाकीची भर टँकरची. टँकरचं बिल वाढलं की कमिटीची मीटिंग लागते, आणि मीटिंगमधला पहिला उपाय ठरलेला असतो. वरच्या टाकीतून पाणी सोडायची वेळ कमी करा. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास. हिशोब सरळ आहे: नळ निम्मा वेळ चालू, तर पाणी निम्मं.

पहिल्या आठवड्यात बिल उतरतंसुद्धा. चेअरमन ग्रुपवर आकडे टाकतात, खाली अंगठ्यांची रांग लागते. पण तोवर घरोघरी वेगळंच काहीतरी सुरू झालेलं असतं. स्वयंपाकघरात एक पिंप होतं तिथे दोन होतात. बाथरूममध्ये निळा ड्रम येतो. दीड तासात जो तो सगळं भरून ठेवतो, लागो न लागो. दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतून पुन्हा भरतो. कोणी पाणी आलं का बघायला नळ उघडतं, येत नाही म्हणून तसाच सोडून ऑफिसला जातं, आणि मागे तासभर बेसिनमध्ये धार लागते. सगळ्यांचे नळ एकाच वेळी उघडे, म्हणून सर्वांत वरच्या मजल्याला प्रेशर मिळत नाही. तिथला एक जण लाइनवर छोटी मोटर बसवतो. मग शेजारच्याचं पाणी कमी होतं, म्हणून तोही बसवतो. तिसऱ्या महिन्यात टँकर पूर्वीइतकेच झालेले असतात, वर भांडणं फुकट. आणि पुढच्या मीटिंगमध्ये ठराव काय येतो? वेळ आणखी कमी करा.

शहराच्या पातळीवर हाच खेळ पुणेकर वर्षानुवर्षं खेळतायत. ‘गुरुवारी दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ अशी बातमी आली, की बुधवारी रात्री कळशा, पातेली, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवले जातात. त्यातलं निम्मं शुक्रवारी झाडांना किंवा मोरीला जातं.

गुंतागुंतीच्या प्रश्नाची सगळी लक्षणं या सोसायटीत सापडतात. घटक एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे एकीकडे हात लावला की तिसरीकडे काहीतरी हलतं. प्रश्न तुमची वाट बघत थांबत नाही; मे महिना येतो तो येतोच. सगळं दिसत नाही; कोणाच्या फ्लशची टाकी गळतेय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. आणि उद्दिष्टंच एकमेकांशी भांडतात: बिल कमी हवं, चोवीस तास पाणी हवं, नियम सगळ्यांना सारखा हवा, आणि कोणाशी वाईटपणाही नको. ड्यॉर्नर आणि त्यांच्यानंतरचे संशोधक नेमकी हीच लक्षणं मोजतात.

डोक्यात मावतं किती

यातला पहिला अडसर आपल्या मेंदूच्या बांधणीतच आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कावन यांनी आधीचे प्रयोग नव्याने तपासून तो आकडा चारच्या आसपास आणला. चार! सोसायटीच्या पाण्यात घटक किमान पंधरा-वीस असतील. ते एका वेळी डोळ्यांपुढे राहणंच शक्य नाही, म्हणून मन काटछाट करतं. सगळ्या गुंत्यातून एक धागा उचलतं आणि म्हणतं, मूळ हेच. ‘भाडेकरूंमुळे होतंय सगळं.’ ‘टँकरवाले लुटतात.’ ‘बिल्डरनेच टाकी लहान बांधली.’ यातलं प्रत्येक वाक्य थोडंफार खरं असतं, म्हणून तर ते चिकटतं.

मग अनुभवी माणसाला कसं जमतं? त्याचं उत्तर बुद्धिबळातून मिळालं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये पट पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि मोहरी आठवून मांडायला सांगायची, असा प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मास्टर खेळाडू बरीचशी बरोबर मांडायचा, नवशिक्याला चार-पाच मोहरी जेमतेम जमायची. पण मोहरी कशीही विखरून ठेवली, की मास्टरची आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे त्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. हजारो रचना डोक्यात साठलेल्या होत्या आणि काही मोहऱ्यांचा गट त्याला एकच वस्तू म्हणून दिसत होता.

मुरलेल्या प्लंबरचं तसंच असतं. लाइनला हात लावून, आवाज ऐकून तो सांगतो की हवा धरलीय का व्हॉल्व्ह अडकलाय. त्याला एक सोय मिळालेली असते: तो बरोबर आहे की नाही ते अर्ध्या तासात कळतं, दिवसातून चार वेळा कळतं. २००९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी मिळून एक लेख लिहिला. अंतःप्रेरणेवर किती विश्वास ठेवावा, याबाबत दोघांची मतं एरवी दोन टोकांची. पण एवढ्यावर त्यांचं एकमत झालं: परिस्थितीत काहीएक नियमितपणा असेल आणि आपल्या निर्णयाचा निकाल लवकर, स्पष्ट मिळत असेल, तरच अनुभवातून आलेला अंदाज भरवशाचा असतो. शहराच्या रस्त्यांची आखणी करणाऱ्याला निकाल कळायला दहा वर्षं लागतात आणि तोवर त्याची बदली झालेली असते. तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला अशा ठिकाणी फारसा कामाचा नाही, हे आपल्याकडे कोणी मोठ्याने म्हणत नाही.

उशिरा येणारं उत्तर

निकाल उशिरा मिळणं ही गोष्ट माणसाला किती गोंधळवते, हे ड्यॉर्नर यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं. काम अगदी साधं. एका सुपरमार्केटच्या शीतगृहाची स्वयंचलित यंत्रणा बंद पडलीय, तुम्ही हाताने चक्र फिरवून तापमान ४ अंशांवर आणायचं. अडचण इतकीच, की चक्र फिरवल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. लोक चक्र फिरवत, काही होत नाही म्हणून आणखी फिरवत, मग तापमान एकदम घसरे, की घाबरून उलटं फिरवत. अकराव्या मजल्यावर सोलरच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्याला हे सवयीचं आहे: पाइपमधलं गार पाणी जाईपर्यंत गरम नळ वाढवत जायचं आणि मग एकदम चटका.

पण खरी मजा पुढे आहे. तापमान हाती लागेना, तेव्हा काही जणांनी सिद्धांत रचायला सुरुवात केली. विषम आकड्यांवर ठेवलं की उतरतं, सम आकड्यांवर चढतं. अमुक आकड्यावरून तमुकावर नेलं की चालतं. एकूण काय, तोडगे आणि उपासतापास. काहींना तर प्रयोग घेणारेच फसवतायत असा संशय आला. थोडा वेळ हात न लावता नुसतं बघत बसणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय फार थोड्यांना सुचला.

याचाच भाऊबंद असलेला आणखी एक घोटाळा आहे आणि तो पुण्यात दर पावसाळ्यात बघायला मिळतो. समजा, एखाद्या धरणात सेकंदाला २० हजार घनफूट, म्हणजे २० हजार क्युसेक येवा आहे आणि खाली १० हजार क्युसेक सोडलं जातंय. पाऊस कमी झाला, येवा १५ हजारांवर उतरला, विसर्ग तेवढाच. धरणाची पातळी काय होईल?

बहुतेक जण म्हणतात, उतरेल किंवा निदान स्थिर राहील. प्रत्यक्षात ती वाढतच राहील, कारण येणारं अजूनही जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे. फक्त वाढीचा वेग मंदावला. लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टरमन यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांना अशाच धर्तीची कोडी घातली होती, टबात येणारं पाणी आणि टबातून जाणारं पाणी. गणितात मुरलेली ती मुलंसुद्धा मोठ्या संख्येने चुकली. आपण साठ्याचा आलेख प्रवाहाच्या आलेखासारखाच काढतो. एक खाली आला की दुसराही खाली, असं मन गृहीत धरतं.

म्हणून डेक्कनला ऊन पडलेलं असताना ‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला’ अशी बातमी आली की लोक चिडतात. आता पाऊसच नाही तर भिडे पूल पाण्याखाली का? खडकवासला हे साखळीतलं लहान धरण, क्षमता १.९७ टीएमसी. वर पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून उतरून येतं, त्याला वेळ लागतो. वरची धरणं भरलेली असली की ते वरून सुटतं आणि खडकवासल्यात येतं, तिथे त्याला मावायला जागा फारशी नसते. शहरातल्या ढगांचा या हिशोबाशी संबंध जवळजवळ नाही. पण आपल्या डोक्यावर ऊन आहे, हे दिसतं. टेमघरचा पाऊस दिसत नाही.

मळलेली वाट

पाण्याचंच आणखी एक कोडं. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तीन भांडी आहेत: २१, १२७ आणि ३ मापांची. मोजून १०० मापं पाणी हवंय. मधलं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून घ्या: १२७ वजा २१ वजा ६, झाले १००. अशी पाच-सहा कोडी लागोपाठ सोडवायला द्यायची, सगळी याच युक्तीने सुटणारी. मग द्यायचं हे: भांडी २३, ४९ आणि ३, हवेत २०.

लोक सराईतपणे करत: ४९ वजा २३ वजा ६, उत्तर २०. बरोबर. पण २३ मधून ३ काढले तरी २० होतात, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना दिसलं नाही. ज्यांना आधीची कोडी दिलीच नव्हती, त्यांना ते पटकन दिसे. चालून गेलेली युक्ती डोळ्यांवर झापड लावते, आणि युक्ती जितकी यशस्वी तितकी झापड घट्ट.

अशी एक युक्ती आपल्या सगळ्यांत खोलवर बसलीय, भर घालण्याची. २०२१ मध्ये गॅब्रिएल अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. लेगोचं एक डुगडुगतं छप्पर, एका कोपऱ्यातल्या एकुलत्या ठोकळ्यावर तोललेलं. ते भक्कम करायचं. प्रत्येक नवा ठोकळा लावला की बक्षिसातून १० सेंट कापले जाणार. सर्वांत सोपा उपाय म्हणजे तो एकुलता ठोकळाच काढून टाकायचा, छप्पर आपोआप खाली टेकून घट्ट बसतं. हे ४१ टक्क्यांनी केलं. ‘ठोकळा काढायला पैसे पडत नाहीत’ हे एक वाक्य सूचनेत वाढवलं, तेव्हा आकडा ६१ टक्के झाला. काढून टाकणं लोकांना नापसंत नव्हतं, त्यांना ते मुळात आठवलंच नव्हतं.

पुण्यात काढणं होतं, नाही असं नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडवला. पण दोन्ही पाडले ते आणखी मोठं बांधायला. सोसायट्यांतही नियमांची फाइल जाड होत जाते. एखादा नियम रद्द करायचा ठराव मी तरी कधी ऐकला नाही.

‘मला जमतंय’ ही भावना

इथवर जे सांगितलं ते सगळं डोक्याच्या मर्यादांबद्दल झालं. लहान स्मरणशक्ती, उशीर न कळणं, सवयीची झापड. पण लोहाउझेनचे महापौर बुडाले त्याचं ड्यॉर्नर यांनी दिलेलं एक कारण मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. माणूस अवघड प्रसंगात प्रश्न सोडवत असतो, पण त्याच वेळी तो आणखी एक गोष्ट सांभाळत असतो: आपल्याला जमतंय ही भावना. दोन्हींची टक्कर झाली की बहुतेक वेळा प्रश्न मागे पडतो.

ही टक्कर वेगवेगळ्या रूपांत दिसते. काही महापौर एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिले. घरांचा प्रश्न जरा अडला, की तो सोडून कारखाना. कारखाना अडला, की करमणुकीच्या सोयी. कुठेच शेवटपर्यंत न गेल्यामुळे कुठेच हार मानावी लागत नाही. काहींनी उलट केलं, एका लहानशा, आवाक्यातल्या विषयात स्वतःला कोंडून घेतलं आणि तिथे बारकाईने, मनापासून काम केलं. बाहेर गाव बुडत होतं. आपल्याकडे मीटिंगचा पाऊण तास गेटच्या रंगावर जातो आणि पाण्याचा विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला जातो, ते याच जातीचं. गेटचा रंग सगळ्यांना कळतो ना! आणि उरलेल्यांनी दोषी शोधले.

यातली सर्वांत घातक सवय मात्र साधी दिसते: निर्णय घेतल्यावर त्याचं पुढे काय झालं ते न बघणं. ड्यॉर्नर यांनी त्याला तोफेच्या गोळ्याची उपमा दिली. एकदा सुटला की दिशा बदलता येत नाही, तसे हे निर्णय घेऊन टाकायचे आणि वळायचं. का बघत नाहीत लोक? कारण बघितलं तर कदाचित चुकल्याचं कळेल. न बघणाऱ्याचं गाव बुडालं तरी आपण योग्य तेच केलं हा विश्वास शाबूत राहतो. आणि प्रकरण फारच हाताबाहेर गेलं, की लोक जास्त विचार करण्याऐवजी कमी विचार करू लागतात. निर्णय मोठे, धाडसी आणि खरखरीत होत जातात. पाणी कमी पडतंय? सगळ्यांचंच बंद करा एक दिवस, कळू दे!

पुणेरी ठामपणाचं आपल्याला कौतुक आहे आणि त्याच्या पाट्याही छान होतात. पण ‘मी सांगतो ना तुम्हाला’ या वाक्याने सुरू होणारं बोलणं अशा प्रश्नांत धोक्याची खूण मानायला हवी, एवढं मला त्या ४८ महापौरांवरून वाटतं.

चांगले महापौर काय करत होते? ते जास्त निर्णय घेत होते, कमी नव्हे. एका उद्दिष्टासाठी एकच रामबाण उपाय न करता चार-पाच छोटे उपाय जोडीने करत. ‘काय आहे’ याबरोबर ‘का आहे’ हे विचारत. आपला अंदाज हे सत्य न मानता तपासून बघत आणि मागच्या निर्णयाचं काय झालं, तिथे परत जाऊन बघत. यात लोकोत्तर प्रतिभा कुठेच नाही. स्वतःचं चुकलेलं बघायची तयारी मात्र लागते आणि ती बुद्ध्यांकाच्या चाचणीत मोजली जात नाही.

आता त्या पंचावन्न टक्क्यांबद्दल. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं की उद्दिष्टं स्पष्ट असतील आणि व्यवस्था कशी चालते याची माहिती दिलेली असेल, तर बुद्धिमत्ता आणि यश यांचा संबंध दिसतो. २०१५ मध्ये माथियास श्टाडलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तो संबंध सरासरी ०.४३ इतका काढला (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण), म्हणजे मध्यम. बुद्धी उपयोगी पडते, पण पुरत नाही. ड्यॉर्नर यांनी तिला अगदीच बाद ठरवलं, ते जरा जास्तच झालं.

शिकवता येण्यासारखंही बरंच आहे. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न होता: नवा एसी आहे, माहितीपत्रक नाही, तीन बटणं आहेत. कुठलं बटण तापमान बदलतं आणि कुठलं आर्द्रता, ते शोधा. युक्ती एवढीच, की एका वेळी एकच बटण हलवायचं, बाकी दोन आहेत तिथे ठेवायची. अनेक मुलं तिन्ही एकदम हलवत होती. आपल्या कमिट्याही तेच करतात. एकाच महिन्यात वेळ कमी, टँकरवाला नवा, बोअरची मोटर बदलली, आणि बिल कमी झालं की तिघे जण श्रेय घेतात.

सोसायटीत एका वेळी एक बदल म्हणजे काय? आधी पंधरा दिवस काहीच बदलायचं नाही. वॉचमनने सकाळी सहाला आणि रात्री दहाला सम्पची पातळी वहीत लिहायची, टँकर आला की वेळ लिहायची. रात्री दोन ते पाच टाकीतून पाणी किती उतरतं ते बघायचं. त्या वेळात कोणी आंघोळ करत नाही, म्हणजे जे उतरलं त्यातलं बरंचसं गळतीचं. अनेक ठिकाणी अर्धं उत्तर इथेच सापडतं: फ्लशचे गळके वॉशर आणि टाकीचा बिघडलेला फ्लोट. मग एका विंगेत एकच बदल, आणि तो करण्याआधी कागदावर भाकीत: ‘यामुळे बी विंगेचा वापर दीड महिन्यात इतका उतरेल.’ भाकीत आधी लिहिलेलं असलं की नंतर ‘मला वाटलंच होतं’ म्हणता येत नाही, आणि कमिटीला ही पद्धत आवडत नाही त्याचं कारणही तेच आहे.

दुसरी युक्ती गॅरी क्लाइन यांची, २००७ मध्ये त्यांनी ती लेखातून मांडली. योजना पक्की होण्याआधी सगळ्यांना सांगायचं: समजा, एक वर्ष उलटलंय आणि योजना सपशेल फसलीय. का फसली ते चिठ्ठीवर लिहा. एरवी योजनेवर शंका काढणारा माणूस आडमुठा ठरतो. इथे शंका काढणं हेच काम असतं, त्यामुळे कोणाचीच ‘मला जमतंय’ ही भावना दुखावत नाही. फ्लॅटगणिक मीटर बसवायच्या योजनेवर अशा चिठ्ठ्या मागवा, बघा काय काय येतं. ‘प्रत्येक फ्लॅटला तीन ठिकाणी पाणी येतं, म्हणजे मीटर तीन लागतील, हे कोणी मोजलं नाही.’ ‘बंद फ्लॅटवाल्यांनी बिल भरायला नकार दिला.’ ‘मीटर वाचणार कोण ते ठरलं नाही.’ ‘टँकरच्या क्षारांनी मीटर अडकले.’ यातली तिसरी चिठ्ठी कोणीही हात वर करून सांगू शकलं असतं, पण सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र वही आणि चिठ्ठ्या दोन्ही थांबतात. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये शहर-नियोजनाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की अशा प्रश्नांना बरोबर-चूक उत्तर नसतं, बरं-वाईट असतं, आणि तेही कोणासाठी यावर ठरतं. बिल फ्लॅटनिहाय सारखं असावं, का माणशी, का मीटरप्रमाणे? दोघंच राहणाऱ्या आजी-आजोबांना एक न्याय्य वाटेल, सहा जणांच्या घराला दुसरं. गळती किती, मीटरचा खर्च किती, कुठल्या पद्धतीत वापर किती उतरतो, हे सगळं शोधून काढता येतं आणि सभेपुढे ठेवता येतं. त्यातलं कुठलं निवडायचं, त्यासाठी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, हात वर करून मतं मोजावी लागतात.